उतारावर मऊ पडणारं ब्रेक पेडल

माणसं आणि सामान भरून आमची फोर बाय फोर लांब उतारावर लागली की ब्रेकचं पेडल मऊ पडायचं. थांबून गार होऊ दिलं की पुन्हा कडक. ही बहुधा ब्रेक ऑइल उकळल्याची खूण. हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत तग धरतं, ओलावा शिरलेल्यासाठी ती मर्यादा १५५ पर्यंत उतरते. मग वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पाय खोल जातो.

मोठ्या डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकत्या) बसवायचा मोह होताच. पण आधी चाकं काढली. पुढच्या एका कॅलिपरची (डिस्कवर पॅड्स दाबणारा भाग) स्लाइड पिन, म्हणजे ज्यावर तो सरकतो ती, चिखलाने जाम, आतलं पॅड पार झिजलेलं, बाहेरचं जवळपास नवं! पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलं (साध्या ग्रीसने रबर फुगतं), फाटलेलं रबरी बूट बदललं. डिस्कची जाडी मोजली. किमान आकडा डिस्कवरच कोरलेला असतो, आमची त्याच्या बरीच वर होती, म्हणून राहू दिली. जास्त उष्णता सोसणारी पॅड्स मात्र डाव्या-उजव्या दोन्ही चाकांना घातली. जुनं ऑइल सगळं काढून नवं भरलं, नळ्यांतली एअर काढली. ती काढताना चाकांचा क्रम गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघावा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नये.

नंतर मोकळ्या रस्त्यावर, पूर्ण न थांबता, वेग पुन्हा पुन्हा कमी करून नवी पॅड्स डिस्कवर नीट बसू दिली. आता पेडल उतारावरही कडक राहतं. मोठ्या डिस्कचा विषय तिथेच मिटला. ऑइल दर दोन वर्षांनी बदलतो, गाडी चिखलपाण्यातून काढली की पिना बघतो.