शनिवारी बसायचंय, पण कढई चढवायची नाही

जानेवारीतला शनिवार, घरी आठ माणसं, त्यातली सहा पिणारी. एकाचं कोलेस्टेरॉल वाढलंय, एकीला ॲसिडिटी, आणि बाकीच्यांनी तिळगुळाचे डबे संपल्यावर ‘आता जरा कमी’ असं जाहीर केलंय. त्यामुळे चकण्यात भजी, लॉलीपॉप, तळलेले पापड यांतलं काही नको, हे एकमताने ठरलं. बिअर मात्र चांगली, टॅपवरून भरून आणलेलीच हवी, हेही तितक्याच एकमताने. अशा घरासाठी ही तयारीची यादी. बुधवारपासून सुरू करा, म्हणजे शनिवारी संध्याकाळी तुम्हालाही बसता येईल.

यादीतलं पहिलं काम स्वयंपाकघरातलं नाही. कोणती बिअर आणायची ते आधी ठरवा, पदार्थ मागून. मी गेल्या वर्षी उलटं केलं. तेलकट टाळायचं म्हणून ज्वारीच्या भाकरीचे तुकडे, त्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा, वाटीभर दही असा बेत केला आणि सोबत हौसेने आणली आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, तीही चांगली कडू. दुसऱ्या घासाला दिराने घोट घेतला आणि म्हणाला, “वहिनी, ही बिअर आहे की फोडणी?” चूक ना ठेच्याची होती ना बिअरची. कडूपणा आणि बुडबुडे दोन्ही तिखटाला चढवतात. बिअरमधला कार्बन डायऑक्साइड जिभेवर टोचतो तो ज्या मज्जातंतूंवाटे जाणवतो, त्यांच्याच वाटेने मिरचीही जाणवते. त्यात अल्कोहोलची भर.

दुसरी गोष्ट मला जरा उशिरा कळली. भज्यांबरोबर कडू बिअर छान लागते, कारण कडूपणाला तिथे काम असतं. तोंडातला तेलकटपणा तो धुऊन काढतो. तेलच काढून टाकलं की तो बेकार होतो आणि नुसता कडू लागतो. म्हणून हलक्या चकण्यासाठी हलक्या कडूपणाची बिअर. कडूपणा मोजायचं एकक आयबीयू, टॅपच्या पाटीवर किंवा कॅनवर काही ठिकाणी लिहिलेलं असतं. बेल्जियन पद्धतीची विटबिअर साधारण 8 ते 20, जर्मन हेफेवाइझेन 8 ते 15, आणि अमेरिकन आयपीए 40 ते 70. तळण नसलेल्या बैठकीत तीनचतुर्थांश बिअर 30 च्या आतली ठेवा, असा माझा आडाखा आहे.

हिशेब असा. सहा जण, तीन तास, माणशी पाऊण लिटर, म्हणजे साडेचार लिटर. थोडं उरायला हवं म्हणून पाच. त्यात विटबिअर दोन लिटर, साधी लागर किंवा पिल्सनर अर्ध्या लिटरचे दोन कॅन, एक लिटर पेल एल आणि एक लिटर स्टाउट. मोठे मग भरू नका. दीडशे-दोनशे मिलिलिटरच्या लहान ग्लासात ओतलं की चारही प्रकार चाखून होतात आणि शेवटी कुणाला हात धरून लिफ्टपर्यंत न्यावं लागत नाही.

कागदपत्रांचं झटपट उरकते. महाराष्ट्रात पिण्यासाठीही परवाना लागतो, बिअरला वयाची अट 21 आणि कडक दारूला 25, त्यामुळे भाच्याला ‘आता कॉलेजात आहे ना’ म्हणून ग्लास देऊ नका. ड्राय डे कॅलेंडरवर बघून घ्या. शनिवार नेमका 26 जानेवारीला आला तर सगळं मुसळ केरात. आणि गाडी कोण चालवणार हे बुधवारीच विचारा. शनिवारी विचारलं की सगळेच ‘मी एकच घेणार आहे’ म्हणतात.

कॅन गुरुवारी आणून फ्रिजमध्ये उभे ठेवा. ग्राउलर, म्हणजे टॅपवरची बिअर भरून आणायच्या मोठ्या बाटल्या, मात्र शनिवारी दुपारीच भरून आणायचे. टॅपवरून भरलेल्या बिअरचा दम सीलबंद असेपर्यंत एखाद-दोन दिवस टिकतो, एकदा बूच उघडलं की त्याच रात्री संपवायची. बाटली तपकिरी काचेची असली तरी गाडीच्या डिकीत उन्हात ठेवून आणखी चार कामं करत हिंडू नका. उजेडाने हॉप्समधली, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांमधली, द्रव्यं बिघडतात आणि बिअरला एक घाण, स्कंक नावाच्या प्राण्यासारखा म्हणतात तसा वास येतो. पुणेकरांना टॅपवरची बिअर आता नवी राहिलेली नाही. डूलाली ही जागेवरच बिअर बनवून टॅपवर देणारी मायक्रोब्रुअरी इथे 2009 साली सुरू झाली. तिचं नाव नाशिकजवळच्या देवळालीवरून आलेलं. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघून बघून इंग्रज सोजिरांची डोकी फिरायची, म्हणून इंग्रजीत डोकं फिरलेल्याला ‘डूलाली’ म्हणू लागले. बैठकीत गप्पा अडल्या तर ही गोष्ट हाताशी असू द्या.

आता खाणं. सुरुवात लागरने, आणि तिच्यासोबत काहीच न शिजवल्यासारखं काहीतरी. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या ओल्या शेंगा, किंवा या दिवसांत मिळणारे ओले हरभरे ढाळ्यासकट भाजून. हावळा म्हणतात त्याला. हात काळे होतात, तोंड काळं होतं, आणि पाहुण्यांना एकमेकांकडे बघून हसायला विषय मिळतो. लिंबू पिळू नका. लागरची नाजूक चव लिंबाखाली गडप होते.

विटबिअरसोबत कोथिंबीर वडी, वाफवलेली. ही माझी सगळ्यांत आवडती जोडी आहे आणि त्याला कारण आहे. या बेल्जियन गव्हाच्या बिअरमध्ये संत्र्याची साल आणि चक्क धने घालतात. हुगार्डन गावात ती नामशेष झाली होती, पियेर सेलिस नावाच्या तिथल्या एका दूधवाल्याने 1966 मध्ये पुन्हा बनवायला घेतली. म्हणजे बिअरमध्ये धने, वडीत धने-जिऱ्याची पूड आणि कोथिंबीर. एकाच घरातली माणसं समोरासमोर बसवल्यासारखं.

वडीचं काम शुक्रवारी रात्री सुरू होतं. मोठी जुडी निवडून, धुऊन, पंचावर रात्रभर पसरून ठेवा. ओली कोथिंबीर चिरली की पीठ सैल होतं आणि मग बेसन वाढवत वाढवत वडीचा ढोकळा होतो. सकाळी बारीक चिरलेली तीन वाट्या कोथिंबीर, एक वाटी बेसन, दोन चमचे तांदळाचं पीठ, तीळ, हळद, दीड चमचा धने-जिरेपूड, चिमूटभर गूळ, मीठ. हिरव्या मिरचीऐवजी अर्धा चमचा लाल तिखट, का ते वर सांगितलंच. मीठ लावून दहा मिनिटं ठेवलं की कोथिंबिरीलाच पाणी सुटतं. त्यात जेवढं भिजेल तेवढं भिजवा, मग लागला तर पाण्याचा हबका. तेलाचा हात लावलेल्या ताटलीत थापून पंधरा-वीस मिनिटं वाफवा. सुरी घालून बघा, कोरडी निघाली की झालं. आणि मग खरी परीक्षा, गरम असताना कापायची नाही. घरात कुणीतरी ‘एक तुकडा दे ना’ म्हणत येतंच, त्याला शेंगा द्या. संध्याकाळी बीडाच्या तव्यावर चमचाभर तेल फिरवून दोन्ही बाजू खरपूस करा. तळलेल्या वडीचा कुरकुरीतपणा येत नाही, हे कबूल. पण कोथिंबिरीचा वास तळलेल्या वडीपेक्षा जास्त राहतो आणि बिअरला तोच हवा असतो.

विटबिअर नाही मिळाली आणि हेफेवाइझेन मिळाली तर वडी सुरळीची करा. हेफेवाइझेनमध्ये यीस्टमुळे केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. ताकातल्या मऊ बेसनावर, ओल्या खोबऱ्यावर तो छान बसतो. कोथिंबीर वडीपुढे मात्र जरा गोंधळल्यासारखा वाटतो.

टॅपवर कधी गोझे दिसली तर पेल एल कमी करा आणि ती आणा. मूळची जर्मनीतल्या गोस्लारची, पुढे लाइपझिगची झालेली ही आंबट बिअर. हिच्यात धन्यांबरोबर मीठही असतं. कोकम घातलेली असेल तर सोडूच नका. तिच्यासाठी कोलंबी. सोललेल्या कोलंबीला हळद, ठेचलेला लसूण आणि दोन चमचे कोकमाचं आगळ लावून तव्यावर जेमतेम तीन मिनिटं. वरून मीठ अजिबात नको. आगळात असतंच, बिअरमध्येही आहे. शाकाहाऱ्यांसाठी काकडीचे जाड काप, दाण्याचं कूट, जिऱ्याची फोडणी.

पेल एल ठेवलीच आहे, कारण एक तरी पाहुणा ‘कडू काही नाही का?’ असं विचारतोच. तिला चुचकारायला थोडा गोडवा आणि थोडी स्निग्धता द्यावी लागते, आणि ती तेलाशिवायही देता येते. लाल भोपळ्याच्या फोडी ओव्हनमध्ये किंवा झाकण ठेवून तव्यावर कडा तपकिरी होईपर्यंत भाजा, त्यावर तिळाची कोरडी चटणी भुरभुरा. तिळातलं तेल पुरतं. रताळंही चालेल.

स्टाउट शेवटी. तिच्यात करपवलेल्या जवाची, कॉफीसारखी चव असते, तेव्हा समोर धूर हवा. धूर म्हणजे भरीत. जळगावकडची पांढरट हिरवी भरताची वांगी याच दिवसांत येतात, मिळाली तर तीच घ्या. वांग्याला सुरीने चार टोचे मारून त्यात लसणाच्या दोन पाकळ्या खुपसा आणि थेट गॅसवर ठेवा. साल काळी पडली की लोक उतरवतात, ते घाईचं. देठाजवळ बोटाने दाबून बघा, तिथे मऊ लागलं पाहिजे. मग भांड्याखाली दहा मिनिटं झाकून ठेवा. साल काढताना वांगं नळाखाली धरू नका, सगळा धूर मोरीत जातो. बोटं पाण्यात बुडवत बुडवत सोला, थोडी काळी किसपटं राहिली तर राहू देत. खानदेशात पुढे भरपूर तेलात परततात. आज ते नाही. कांद्याची पात, भाजलेले दाणे, मीठ, आणि भाजून ठेचलेली एकच मिरची. हे सोलापुरी कडक भाकरीच्या तुकड्यांवर चमचा चमचा घालून द्या, पण आयत्या वेळी, नाहीतर भाकरी मऊ पडते. गोड हवं असेल तर स्टाउटसोबतच खजूर आणि दाण्याचे लाडू, सुपारीएवढे. खजुराचा गोडवा असला की वेगळी साखर लागत नाही.

न पिणाऱ्या दोघांना विसरू नका. त्यांच्यासाठी सोलकढी करा, बाटलीतलं रंगीत सरबत नको. ती दुपारी करून फ्रिजमध्ये ठेवली की झालं. ती पिणाऱ्यांनाही लागणार, म्हणून दीड लिटर तरी हवी.

शनिवारी चारच्या सुमाराला ग्लास. हे काम सगळ्यांत जास्त टाळलं जातं. फेस धरत नाही म्हणून आपण बिअरला नावं ठेवतो, आणि दोष असतो ग्लासाला राहिलेल्या साबणाचा किंवा तेलकट फडक्याचा. धुतलेल्या ग्लासात पाणी भरून ओता. आत सलग पापुद्रा राहिला तर ग्लास स्वच्छ, थेंब थेंब झाले तर परत धुवा. पुसू नका, उपडे घालून निथळू द्या. फ्रीझरमध्येही ठेवू नका. बर्फाळलेल्या ग्लासात वास मरतो, आणि धन्यांसाठी एवढा खटाटोप केला तो कशाला मग?

लागर आणि विट फ्रिजमधून थेट. स्टाउट पिण्याआधी वीस-पंचवीस मिनिटं बाहेर काढून ठेवा, दहा-बारा अंशांना ती बोलू लागते. पुण्यात जानेवारीत बाल्कनीत ठेवली तरी चालतं. आयत्या वेळी काही थंड करायचं झालं तर कॅन फ्रीझरमध्ये घालून विसरू नका, फुटतो. बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर जाडं मीठ, पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. ओतताना ग्लास तिरपा धरा, अर्धा भरला की सरळ करा, वर दोन बोटं फेस येऊ द्या. तो फेस वाया जातोय असं सासरे म्हणतील. त्यांना म्हणावं, बाबा, वास त्यातूनच येतो.

वाढायची वेळ साधारण अशी जमते. साडेसातला लागर आणि हावळा, पाहुणे येऊन टेकेपर्यंत. सव्वाआठला वडी तव्यावर टाका, ती येते तेव्हा विट ओता. मध्ये पाण्याचा तांब्या फिरवा, कुणी मागत नाही पण ठेवला की सगळे पितात. नऊनंतर भोपळा आणि पेल एल. वांगी साडेनऊला गॅसवर चढवा. धुराचा वास हॉलमध्ये पोहोचला की लोक आपोआप स्वयंपाकघराकडे सरकतात, तिथेच ओट्याशी उभं राहून भरीत खाल्लं जातं, टेबलावर कुणी परत जात नाही. त्या हिशेबाने ओटा आधीच आवरून ठेवा.

आणि ग्राउलर त्याच रात्री धुवा, कितीही कंटाळा आला तरी. साबण नको, गरम पाण्याने तीनदा खळबळून, बूच वेगळं काढून, उपडे घाला. सकाळपर्यंत राहिले तर आतला आंबूस वास जाता जात नाही.