घरातील अपघातानंतर दुरुस्ती करताना या चुका टाळा

खिळा ठोकताना भिंतीतला पाइप फुटतो, वॉशिंग मशीनची नळी निसटून खोलीभर पाणी होते किंवा सामानाने भरलेली फळी भिंतीतून उपटून येते. अशा वेळी नुकसान लवकरात लवकर झाकण्याकडे आपला कल असतो, आणि दुसऱ्यांदा करावा लागणारा खर्च बहुतेकदा याच घाईतून उद्भवतो, कारण डाग झाकला गेला तरी तो उमटवणारे कारण भिंतीतच राहते.

पाइपला खिळा लागला की तो घाबरून लगेच उपटू नये. आत असेपर्यंत तो भोक थोडेफार बुजवून धरतो. म्हणून आधी मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा, सर्वांत खालचा नळ उघडून पाइपमधले उरलेले पाणी जाऊ द्यावे आणि मगच खिळा काढावा. भोकावर एपॉक्सी पुट्टी दाबून त्यावर गिलावा करणे मात्र पुन्हा गळतीला आमंत्रण देणारे आहे. पुट्टीने एखादा दिवस निभावतो, परंतु पाइपचा तेवढा तुकडा बदलून, पाणी सोडून, जोड कोरडा राहतो याची खात्री झाल्यावरच भिंत बुजवावी.

पाणी स्विचबोर्डपर्यंत पोहोचले असेल तर सर्वप्रथम मुख्य स्विच बंद करावा. मात्र तिथे जाण्यासाठी पाण्यातून चालावे लागत असेल, तर त्याला हात न लावता वीज बाहेरूनच तोडून घ्यावी. नंतर एमसीबी (जास्त प्रवाह वाहिल्यास वीज आपोआप तोडणारा स्विच) किंवा आरसीसीबी (वीज गळू लागल्यास ती तोडणारा स्विच) वारंवार पडत असेल तर तो पुन्हा पुन्हा वर करू नये. घरगुती आरसीसीबी साधारणपणे ३० मिलिअँपिअर इतक्या वीजगळतीलाही पडतो, आणि पाणी शिरल्यानंतर तो टिकत नसेल तर ओल्या तारांतून वीज झिरपत असल्याची शक्यता मोठी असते. ‘तूर्त’ म्हणून तो वगळून जोडणी करून देणारा कारीगर भेटला, तर त्याला नम्रपणे परत पाठवावे.

सर्वाधिक चुका ओल्या भिंतीच्या बाबतीत होतात. भिंतीचा पृष्ठभाग आधी सुकतो, पण गिलावा आणि विटा आतून कित्येक आठवडे ओल धरून असतात. त्यामुळे हाताला कोरड्या लागणाऱ्या भिंतीवर पुट्टी व रंग चढवला की थोड्याच काळात फुगे येतात आणि पोपडे सुटतात. सुमारे ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावून रात्रभर ठेवावा. सकाळी त्याच्या आतल्या बाजूस दव दिसले तर रंगकाम पुढे ढकलावे. पांढरे क्षार फुटले असल्यास ते कोरड्या ब्रशने झाडावेत, कारण पाण्याने धुतल्यास ते विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात. पहिल्या २४ ते ४८ तासांत हवा खेळती ठेवली नाही तर बुरशी धरू लागते, म्हणून कपाटे भिंतीपासून दूर ओढून पंखे चालू ठेवावेत.

छतावरचा डाग जिथे दिसतो, तिथेच गळती असते असे समजून तेवढाच भाग फोडणे ही आणखी एक महागडी चूक होय, कारण पाणी स्लॅबच्या उताराने वाहत जाऊन जिथे फट सापडेल तिथे बाहेर येते. सर्व नळ बंद करून पाण्याच्या मीटरकडे पाहावे: तो तरीही फिरत असेल, तर दाबाखालचा पाइप कुठेतरी गळत आहे. मीटर स्थिर असून डाग केवळ आंघोळीनंतर वाढत असेल, तर सांडपाण्याचा पाइप किंवा फरशीचे सांधे तपासावेत.

उपटलेल्या फळीच्या बाबतीत त्याच रुंदावलेल्या भोकात अधिक जाड स्क्रू कोंबला जातो. गिलाव्याचा थर पातळ असल्याने केवळ त्यात अडकलेला स्क्रू वजन पेलत नाही. गट्टी (स्क्रू पकडून धरण्यासाठी भोकात बसवायचा खुंटा) विटेपर्यंत पोहोचली पाहिजे. जुने भोक बुजवून काही सेंटिमीटर बाजूला नवे भोक पाडावे, आणि ते नळाच्या किंवा स्विचच्या सरळ वर-खाली येणार नाही याची दक्षता घ्यावी, कारण पाइप व तारा बहुधा त्याच रेषेत गेलेल्या असतात.