सीडीके-१ चा ब्लॉट वाचताना या चुका टाळा

‘फॉस्फोची पट्टी ठळक आली, म्हणजे किनेज जोरात आहे.’ वेस्टर्न ब्लॉट (ठरावीक प्रथिन अँटिबॉडीने पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी) बघून प्रयोगशाळेत नवा आलेला जवळजवळ प्रत्येक जण हे वाक्य एकदा तरी बोलतो; ‘फॉस्फो’ म्हणजे फॉस्फेट लागलेले प्रथिन. सीडीके-१ च्या बाबतीत ते बहुधा उलटे असते.

पेशीला विभाजनात ढकलणारे हे किनेज इतर प्रथिनांवर फॉस्फेट बसवते, पण त्याच्या स्वतःच्या अंगावरही फॉस्फेट बसतात. मानवी सीडीके-१ मध्ये थ्रिओनिन १६१ (प्रथिनातल्या १६१ व्या जागेवरचे अमिनो आम्ल) वरचा फॉस्फेट त्याला कामाला लावतो, तर टायरोसिन १५ वरचा अडवून धरतो. हा अडसर वी-१ नावाचे दुसरे किनेज घालते आणि सीडीसी-२५ हे फॉस्फेटेज तो काढते. बाजारातली नेहमीची अँटिबॉडी टायरोसिन १५ ची असते. म्हणजे ठळक पट्टी अडवलेले किनेज दाखवते. पेशी मायटोसिसमध्ये (प्रत्यक्ष विभाजनाच्या टप्प्यात) शिरताना ती फिकी पडायला हवी.

लक्षात राहत नसेल तर वी-१ च्या नावाची गोष्ट आठवा. १९७० च्या दशकात एडिनबरामध्ये शास्त्रज्ञ पॉल नर्स यांना फिशन यीस्टच्या (मधोमध दुभंगणाऱ्या यीस्टच्या) अशा पेशी सापडल्या, की ज्या निम्म्या आकारातच दुभंगत होत्या. स्कॉटिश बोलीत ‘वी’ म्हणजे इवलासा. वी-१ चा अडसर नाही, मग वाढायला थांबतंय कोण! सीडीसी-२५ बिघडले की नेमके उलट: पेशी नुसती लांबत जाते, दुभंगत नाही.

एकूण सीडीके-१ चा ब्लॉट करून ‘काहीच बदल नाही’ म्हणून हिरमुसू नका. ते चक्रभर साधारण तेवढेच असते. चढउतार होतो तो सायक्लिन-बीचा, म्हणजे सीडीके-१ च्या जोडीदार प्रथिनाचा, तेव्हा तो बघा. खरी सक्रियता हवी असेल तर सायक्लिन-बीसोबत किनेज ओढून काढून ते हिस्टोन एच-१ या प्रथिनावर किती फॉस्फेट बसवते ते तपासा. मेहनत आहे, पण वाद मिटतो.

टायरोसिन १५ ची पट्टी अचानक गायब झाली तर आनंदाआधी लायसिस बफर (पेशी फोडायचे द्रावण) तपासा. त्यात फॉस्फेटेज रोखणारे ऑर्थोव्हॅनाडेट घातले होते का? नमुने बर्फावर होते का? नाहीतर पेशीतलीच फॉस्फेटेजेस तुमचा निकाल खाऊन टाकतात. ब्लॉटच्या पडद्यावर पार्श्वभूमी काळवंडत असेल तर ब्लॉकिंगला (पडद्याची रिकामी जागा प्रथिनाने झाकायला) दुधाऐवजी बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन, वापरून बघा. दुधातल्या केसीनवरच फॉस्फेट असतात.

नोकोडॅझोल (पेशींना मायटोसिसमध्ये अडकवणारे रसायन) दिल्यावर होणारी चूक मात्र खरोखर जिवाला लागते. मायटोसिसमधल्या पेशी गोल होऊन प्लेटवरून सुटतात. माध्यम ओतून दिले, वर पीबीएसने (क्षारयुक्त बफरने) धुतले, की हव्या होत्या त्याच पेशी सिंकमध्ये गेल्या. माध्यम गोळा करा, सेंट्रिफ्यूज करा आणि तो गाळ उरलेल्या पेशींत मिसळा.

यीस्टवाल्यांसाठी एक: फिशन यीस्टमधला सीडीसी-२ म्हणजे बेकरी यीस्टमधला सीडीसी-२८; दोन्ही सीडीके-१ चीच यीस्टमधली रूपे. बेकरी यीस्टच्या यादीत ‘सीडीसी-२’ शोधून प्रायमर (जनुक उचलायचे डीएनएचे छोटे तुकडे) मागवलात, तर हाती डीएनए पॉलिमरेज डेल्टा या वेगळ्याच प्रथिनाचे जनुक येईल.