देनारियस वाचायचा कसा?

देनारियस हे रोमन चांदीचं नाणं हातात आलं की नजर आधी सम्राटाच्या चेहऱ्यावर जाते. तिथेच फसगत होते, कारण झिजलेले चेहरे एकमेकांसारखे दिसतात. ओळख पटते ती अक्षरांवरून आणि मागच्या बाजूच्या आकृतीच्या हातातल्या वस्तूवरून.

आधी वजन करा, काटा ०.०१ ग्रॅम दाखवणारा हवा. सम्राट नीरोने इ.स. ६४ मध्ये वजन घटवल्यानंतरचा चांगला देनारियस साधारण ३.२ ते ३.४ ग्रॅम भरतो. बराच कमी भरला तर भिंगातून काठ तपासा. हिरवट किंवा तांबूस डाग दिसला, तर आत तांबं आणि वर चांदीचा पातळ पत्रा असण्याची शक्यता आहे.

मग खोली अंधारी करून एकाच दिव्याचा उजेड बाजूने, जवळजवळ आडवा पाडा आणि नाणं हळूहळू फिरवा. पुसट अक्षरंही सावलीमुळे उठतात. लेख बहुधा खाली डावीकडून घड्याळाच्या दिशेने जातो. ‘यू’ऐवजी ‘व्ही’ असतं.

सम्राट डोमिशियनचं नाणं घ्या. पुढे ‘टीआर पी एक्सआय’, म्हणजे ट्रिब्यूनचा (जनतेच्या प्रतिनिधीचा) अधिकार ११व्या वर्षी. तो सप्टेंबर ८१ मध्ये सत्तेवर आला आणि हा अधिकार दर सप्टेंबरात नवा होई. म्हणून सप्टेंबर ९१ ते सप्टेंबर ९२. मागे ‘सीओएस एक्सव्हीआय’, म्हणजे १६वं कॉन्सुलपद (रोममधलं सर्वोच्च वार्षिक पद), जे जानेवारी ९२ मध्ये सुरू झालं. दोन्ही जुळवले की नाणं जानेवारी ते सप्टेंबर ९२ मधलं ठरतं. बोटाच्या पेराएवढ्या चकतीवर इतका नेमका काळ सापडतो!

त्याच नाण्यावर मिनर्व्हा ही देवी असते. तिच्या हातात कधी वज्र दिसतं, म्हणून देवांचा राजा ज्युपिटर समजू नका, शिरस्त्राण पाहा. पायाशी घुबड असेल तर शंकाच नको. इतर नाण्यांवरच्या देवी अशा: तराजू म्हणजे बहुधा एक्विटास, पंख आणि हार म्हणजे व्हिक्टोरिया, सापाला भरवणारी ती सालुस. सर्पदंड, म्हणजे साप गुंडाळलेली काठी, मात्र फेलिसिटास आणि पाक्स दोघींकडे असतो, तिथे लेखच निर्णय देतो.

चित्र ओळखीचं पण अक्षरं निरर्थक असतील, तर भारतात झालेली नक्कल असू शकते. ऑगस्टस आणि टायबेरियस या सम्राटांच्या नाण्यांच्या अशा नकला दख्खनमध्ये सापडल्या आहेत.

चिंच, लिंबू, ब्रश यांपासून नाणं लांब ठेवा. जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असते, घासताना काठ तुटतो. ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून मऊ कापडावर न चोळता सुकवा.