आल्प्समध्ये फोटो काढायचेत? वाइड लेन्स जरा बॅगेत राहू द्या

आल्प्सहून आलेल्यांची एक तक्रार ठरलेली, समोर एवढा अवाढव्य डोंगर होता आणि फोटोत टेकडीएवढा दिसतोय. अहो, १६ मिमीची वाइड लेन्स लावल्यावर लांबचा डोंगर बारीकच येणार ना. ७०-२०० मिमीची, लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स लावा, शिखराचा एखादाच कडा, त्याला अडकलेला ढग, खाली झाडांची काळी रेघ, एवढंच घ्या आणि बघा अंगावर येतो की नाही. वाइड तेव्हाच काढा जेव्हा पायाशी खरंच काहीतरी आहे, दगड, फुलं, ओढा, आणि मग गुडघ्यावर बसून त्याच्या अगदी जवळ जा.

दुसरं म्हणजे उजेड. कुठल्या कड्यावर कधी ऊन पडतं हे आधी ॲपवर बघून ठेवायचं. स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या मॅटरहॉर्न शिखराची (४,४७८ मीटर) पूर्वेची भिंत सूर्योदयाला पेटते, तेव्हा रिफेलझे तळ्याच्या काठावर पहाटेच पोचायला हवं, कारण एकदा वारा सुटला की पाणी हलतं आणि प्रतिबिंब गेलं. वर जाणारी ट्रेन आहे, पण उन्हाळ्यात सूर्य फार लवकर उगवतो, त्यामुळे टाइमटेबल बघा, नाहीतर सरळ वरच मुक्काम करा. इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगरांमधल्या त्रे चिमे या तीन सुळक्यांचं उलटं आहे, लोकातेल्ली हटवरून दिसतात त्या उत्तरेच्या भिंती, त्यांच्यावर संध्याकाळचं ऊन जून-जुलैमध्ये येतं कारण तेव्हा सूर्य वायव्येला मावळतो, ऑक्टोबरमध्ये गेलात तर त्या सावलीतच.

निळंभोर आकाश बघून खूश होऊ नका, माझ्या मते फोटोसाठी सगळ्यात कंटाळवाणा दिवस तोच. पाऊस थांबत आलाय, ढग फाटतायत, मधूनच एक शिखर डोकावतंय, खरा ड्रामा तिथे. पण उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाटी वादळं येतात, पहिला गडगडाट ऐकला की धारेवरून खाली उतरा, ट्रायपॉड उभा करून विजेचा फोटो वगैरे अजिबात नको.

सेटिंगमध्ये फार काही नाही. बर्फ जास्त असेल तर कॅमेरा फसतो आणि सगळं करडं करून ठेवतो, म्हणून +१ च्या आसपास एक्स्पोजर वाढवा, हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) उजव्या टोकाला आपटू देऊ नका. पहाटे मात्र शिखर उजळ आणि दरी काळोखी असते, तिथे शिखर जळणार नाही, म्हणजे पांढरंफट्ट होणार नाही असं एक्स्पोजर ठेवा, रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढा, दरी नंतर एडिटिंगमध्ये उजळता येते, किंवा तीन शॉट ब्रॅकेट करा, म्हणजे एकच फोटो कमी, मध्यम आणि जास्त एक्स्पोजरला घ्या. ॲपर्चर एफ ८ ते ११ पुरे, २२ वर उलट शार्पनेस जातो. पोलरायझर (चकाकी कमी करून आकाश गडद करणारा फिल्टर) जपून, उंचीवर आकाश आधीच गडद असतं, त्यात वाइडवर लावला की आकाशात एका बाजूला काळा डाग पडल्यासारखं दिसतं.

थंडीत बॅटरी भराभर उतरते, जादाच्या बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा. आणि बाहेरून गरम खोलीत शिरताना कॅमेरा झिपलॉकच्या पिशवीत बंद करूनच आत न्या, तास-दोन तास उघडू नका, नाहीतर लेन्सवर पाणी धरतं. मेमरी कार्ड तेवढं आधी काढून घ्या, म्हणजे फोटो बघायला थांबावं लागणार नाही.