सफरचंदाच्या रोपांच्या पिशव्या होळीच्या आत जमिनीत पुरा

दिवाळीत खाल्लेल्या सफरचंदाच्या बिया फ्रीजमध्ये ठेवायच्या आणि जानेवारीत त्यांची रोपं काढायची, अशी हौस करणारे आता रावेर-यावलपासून शिरपूर-शहाद्यापर्यंत भेटतात. त्यांच्या पिशव्यांत सध्या चार-सहा पानांची रोपं उभी असतील. आधी त्यांच्यासाठीच लिहितो आहे. होळी झाली की आपल्याकडे पारा चाळिशीकडे धावतो, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळला ४४-४५ अंश नेहमीचेच. त्याआधी काळ्या पिशव्या उन्हातून उचलून जमिनीत पुरा. खत, फवारणी, कलम सगळं नंतर.

लोक पान बघतात, मूळ बघत नाहीत. पान मलूल झालं की पाणी घालतात, सावरलं नाही की आणखी घालतात, आणि रोप मेलं की ‘खान्देशात सफरचंद होतच नाही’ म्हणून मोकळे होतात. मेलेल्या रोपाची पिशवी एकदा उभी चिरून बघा. पूर्वेकडची मुळं पुष्कळदा पांढरी, शाबूत सापडतात. पश्चिमेकडची तपकिरी असतात, बोटाने चोळली की साल सुटून हातात येते. दुपारनंतरचं तिरपं ऊन पिशवीच्या त्याच अंगाला लागतं. तिथे काळ्या प्लास्टिकला चिकटलेली माती ४५ अंशांच्याही वर तापते आणि सफरचंदाचं मूळ तर तिशीच्या पुढेच मंदावतं. भाजलेलं मूळ पाणी ओढत नाही, आपण वरून ओततच राहतो, मग बुरशी शिरते. दुकानदार ती बुरशी दाखवून औषधाची पुडी काढतो. बुरशी असते खरी, पण रोप तिच्या आधीच गेलेलं असतं.

पुरताना घराच्या किंवा गोठ्याच्या पूर्वेची जागा धरा, म्हणजे बारानंतर आपोआप सावली येते. पिशवीच्या उंचीपेक्षा बोटभर उथळ चर खणून पिशव्या त्यात उभ्या लावा आणि मधल्या फटी वाळूने किंवा भुसभुशीत मातीने गच्च भरा. फट राहिली तर गरम हवा तिथेच खेळते. पिशवीचा काठ जमिनीपासून बोटभर वर राहू द्या. वर केळीची वाळलेली पानं पसरा, पण रोपाच्या बुडापासून चार बोटं लांब, नाहीतर वाळवी थेट खोडाला लागते. पश्चिमेला पऱ्हाट्यांचा नाहीतर तुराट्यांचा कूड घाला. डोक्यावर हिरवी जाळी बांधली म्हणून निर्धास्त राहू नका. चार वाजताचं ऊन जाळीखालून आडवं येतं आणि नेमकं पिशवीवर बसतं.

केळीवाल्यांचं काम सोपं आहे. शेवरीच्या कुंपणापासून दोन ओळी आत, केळीच्या सावलीत पिशव्या पुरा. तिथे लू लागत नाही. फक्त ठिबकच्या तोटीखाली ठेवू नका.

पाण्याचं दुखणं लाइटीच्या वेळापत्रकात आहे. भारनियमनात लाइट दुपारी आली की माणूस मोटर चालू करतो आणि नळी थेट रोपांवर धरतो. उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी हाताला चटका देतं, तेच आपण मुळावर सोडतो. वर म्हणायचं, ‘काही व्हत नही भो.’ व्हतं! सावलीत एक ड्रम भरून ठेवा आणि सकाळी आठच्या आत तांब्याने पाणी द्या. द्यायच्या आधी पश्चिमेकडच्या बाजूने बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. बोटाला ऊब लागली तर पाण्याने भागणार नाही, आधी पिशवी नीट झाका.

बाकीची कामं:
– आठवड्यातून एकदा निंदणी, हाताने.
– शेणखत मूठभर, पूर्ण कुजलेलंच. युरिया जूनपर्यंत नाही.
– ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला खाणारी मित्रबुरशी) १ किलो १०० किलो शेणखतात मिसळून, त्यातलं मूठभर.
– बुडाशी सड दिसली तर कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक, ५० टक्के, १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम, पिशवीला कपभर. ट्रायकोडर्मासोबत नको, पंधरा दिवसांचं अंतर ठेवा.
– भुरी आली तर पाण्यात मिसळणारं गंधक ८० टक्के, १० लिटरला २० ग्रॅम, संध्याकाळी. पारा ३५ च्या वर गेला की गंधक बंद, पानं जळतात.
– लाल कोळी दिसली तर पानांच्या खालून सकाळी साध्या पाण्याचा फवारा.

‘उष्णतेचा ताण घालवणारी’ म्हणून बाटल्या येतात, मुळं वाढवणारी पाकिटं येतात. चार रुपयांच्या पिशवीतल्या रोपाला चारशेचं टॉनिक कशाला? गोणपाट घ्या. नाशिककडे द्राक्षाचे डोळे फोडायला हायड्रोजन सायनामाइड वापरतात. तेच सफरचंदाला ‘थंडीच्या बदली’ मारा असं सांगणारे एजंट आता फिरतात. हे जहाल विष आहे आणि वर्षाच्या आतल्या रोपाला त्याचं काही काम नाही. अशा एजंटाला दारात उभं करू नका.

बीपासून नेमकं काय मिळतं, हेही कळलेलं बरं. एका फळात पाच कप्पे असतात, धरून चला दहा बिया. त्या दहाही बियांची झाडं वेगवेगळी निघतात, आईसारखं एकही नाही. सफरचंदाला सहसा स्वतःच्या जातीचा पराग चालत नाही, दुसऱ्या जातीचा लागतो, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक बी संकरच. बहुतेकांची फळं आंबट, बारीक, बेचव निघतात. पण ग्रॅनी स्मिथ ऑस्ट्रेलियात, गोल्डन डिलिशस अमेरिकेत अशाच आपोआप उगवलेल्या रोपातून मिळाली. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मा यांनी खाऊन टाकलेल्या बियांतून उगवलेलं एक रोप जपलं, तीच आजची कमी थंडीत फळणारी जात एचआरएमएन-९९, म्हणजेच ‘हरिमन’. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली.

म्हणून रोप विकत घेताना डोळे उघडे ठेवा. ‘बीपासून तयार केलेलं हरिमन’ असं काही नसतं. बीपासून झालं की ते हरिमन राहिलं नाही. हरिमन हवं तर कलमच लागेल, आणि खोडावर वीतभर उंचीत जोडाची गाठ दिसायला हवी. सरळसोट खोडाला तीनशे रुपये मोजू नका. तसं रोप तुमच्या फ्रीजमध्ये फुकट होतं.

बी कुठल्या फळाचं, यावर निम्मा खेळ आहे. काश्मीरच्या लाल डिलिशसला डोळे फुटून फुलायला सात अंशांखालची हजारेक तास थंडी लागते. एवढी थंडी आपल्या पौष-माघात कुठली? सातपुड्यात तोरणमाळलाही नाही. ॲना या जातीला दोन-तीनशे तास पुरतात, डॉर्सेट गोल्डनला शंभराच्या आसपास. ओळखीच्या कुणाकडे ही दोन्ही झाडं जवळजवळ असतील तर त्यांचं फळ मागून आणा. त्या बीला खान्देशात खरी आशा आहे.

आता एक अंदाज, पुस्तकातला नव्हे. फ्रीजमध्ये जी बी सगळ्यांत आधी मोड काढते, तिच्या पिशवीला लाल दोरा बांधा. थंडीची गरज कमी असलेली रोपं त्यांतूनच जास्त निघतात असं मला वाटतं. तसंच जाड, रुंद, खालून लव असलेल्या पानाचं रोप ठेवावं. बारीक पानाचं, काटेरी फांद्यांचं आधी काढावं. रोपं जास्त झाली आणि सावली कमी पडली तर वाटणी याच क्रमाने करा. लाल दोऱ्याची आधी पुरा.

फळाला सहा ते दहा वर्षं लागतात. एवढा धीर नसेल तर दुसऱ्या वर्षी रोपाची काडी आधीच फळणाऱ्या सफरचंदाच्या झाडावर कलम करून बांधा, काही वर्षं वाचतात.

ज्यांचं बी अजून फ्रीजमध्ये ओलं आहे आणि मोड नाही, त्यांनी मार्चमध्ये ते बाहेर मातीत लावू नये. मोड आलाच तर घरात खिडकीशी, मातीच्या कुंडीत. प्लास्टिकपेक्षा माती थंड राहते. आता नव्याने फळ खाणाऱ्यांनी बी धुऊन सावलीत सुकवावं, कागदात बांधून ठेवावं आणि मार्चअखेर ओल्या वाळूत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावं, बर्फाच्या खणात नव्हे. सत्तर-पंच्याहत्तर दिवस धरले तर मृग नक्षत्राला लावणी जमते. वाळू दर आठवड्याला बघा, सुकू देऊ नका.

मे सरताना चराकडे पुन्हा लक्ष लागेल. काळ्या कसदार जमिनीत मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात त्या चराचं डबकं होतं आणि बुडं दोन दिवसांत सडतात. ढग भरून येऊ लागले की पिशव्या वर काढा, विटांवर ठेवा, तळाची भोकं काडीने मोकळी करा. कूड मात्र हलवू नका. जूनमध्ये उघडीप पडली की ऊन मेसारखंच लागतं, आणि तेव्हा पिशव्या पुन्हा उघड्यावर असतात.