फिल्म रिव्ह्यूचं डबल पान लावायच्या आधी काय काय हाताशी पाहिजे

मीडिया प्रोजेक्टला मॅगझिनमधल्या फिल्म रिव्ह्यूची समोरासमोरची दोन पानं करून द्यायची असतील तर पहिलं म्हणजे लॅपटॉप लगेच उघडू नका, आधी मजकूर पूर्ण करा. बहुतेक ग्रुप आधी रंग ठरवतात, पोस्टर शोधतात आणि उरलेल्या जागेत रिव्ह्यू कोंबतात, मग पान लांबून भारी दिसतं पण वाचणाऱ्याला पिक्चर बघायचा का नाही तेच कळत नाही. रिव्ह्यू सहाशे-सातशे शब्दांत बसवा, दोन पानांना तेवढा बास होतो. त्यातलं एक धारदार वाक्य मोठ्या अक्षरात उचलून लावायला बाजूला काढून ठेवा, हेडिंग आणि त्याखालची दोन ओळींची ओळख पण आत्ताच लिहा. आणि आपल्याकडं सोलापुरात घरी तेलुगू, कन्नड बोलणारा वाचक भरपूर आहे, त्यामुळं मराठी सोपी ठेवा, पुस्तकी शब्द कशाला.

पिक्चर कुठला घ्यायचा ते तुमचं तुम्ही ठरवा, पण जिल्ह्यातला घेतला तर मला जास्त आवडेल. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, रिंकू राजगुरू अकलूजची, २०१६ च्या 'सैराट'चं शूटिंग करमाळ्याच्या आसपास झालंय, म्हणजे सकाळच्या एसटीनं जाऊन पानासाठी स्वतःचा फोटो काढून आणता येतो की. हा फायदा छोटा नाही, कारण फोटो हीच या पानाची सगळ्यात मोठी अडचण असते. फुल एचडी व्हिडिओचा स्क्रीनशॉट १९२० बाय १०८० पिक्सेलचा, तो ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके या हिशोबानं छापला तर जेमतेम सव्वासोळा सेंटीमीटर रुंद आणि नऊ सेंटीमीटर उंच येतो, आणि तुमचं डबल पान, म्हणजे शेजारी शेजारी दोन ए-फोर पानं, आहे ४२ सेंटीमीटर रुंद. तो ताणून पानभर लावला की चेहरे फुटणारच. म्हणून मोठा फोटो एकतर प्रसिद्धीसाठी दिलेला मोठ्या साइजचा घ्या नाहीतर स्वतः काढलेला, आणि स्क्रीनशॉट छोट्या चौकटीत वापरा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी वाजवी वापराला सूट आहे, तरी फोटो कुणाचा ते बारीक अक्षरात खाली लिहायचंच.

माहितीची चौकट वेगळी टाइप करून ठेवा, दिग्दर्शक, लेखन, छायांकन, संगीत, कलाकार, भाषा, कालावधी, सर्टिफिकेट. नावांचं स्पेलिंग पिक्चरच्या श्रेयनामावलीवरून घ्या, फॉरवर्ड आलेल्या मेसेजवरून नको. सर्टिफिकेट पण सुरुवातीला पडद्यावर येतं तसंच्या तसं उतरवा, कारण २०२४ पासून यूए चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन प्रकार झालेत, जुन्या पिक्चरला नुसतं यूए असतं.

आता फॉन्ट, इथं जरा वेळ द्या. युनिकोड फॉन्टच घ्या, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मजकूर मराठीतच दिसतो, मुक्ता आणि बलू फुकट मिळतात, हेडिंगला एक आणि मजकुराला एक, दोनच्या वर जाऊ नका. कुणी जुन्या श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून दिलं असेल तर कन्व्हर्ट केल्यावर ओळ न् ओळ वाचा, 'ऱ्या' आणि रफार तिथंच घोटाळा करतात. पान लावायला इनडिझाइन सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातली वर्ल्ड-रेडी कंपोझर ही आपली जोडाक्षरं नीट जुळवणारी सेटिंग चालू आहे का बघा आणि सगळ्यात आधी 'दिग्दर्शक' एवढा एकच शब्द टाकून बघा, त्यात पहिली वेलांटी आहे, जोडाक्षर आहे, रफार आहे. वेलांटी द च्या आधी आणि रफार श च्या डोक्यावर आला तर पुढं जा, नाहीतर आधी सेटिंग नीट करा. इंग्लिश मॅगझिन बघून अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह होतो, तो टाळा, शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटल्यासारखा दिसतो. दोन ओळींमधलं अंतर मात्र सढळ ठेवा, दहा पॉइंटच्या अक्षराला पंधरा तरी, कारण आपल्याला वर मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार असतात, ते एकमेकांत अडकतात. पहिलं अक्षर मोठं करायचं असेल तर पूर्ण अक्षर मोठं करा, 'प्रेम'ने सुरुवात असेल तर 'प्रे' सगळा, नुसता प नाही. आणि अरुंद कॉलम दोन्ही बाजूंनी सरळ करायचा हट्ट नको, मराठी शब्द लांब असतात, मध्ये मोठी मोठी भोकं पडतात, डावीकडून सरळ ठेवलेलं बरं.

मग कोऱ्या ए-थ्री कागदाला मधून घडी घालून पेन्सिलनं डमी काढा, मोठा फोटो कुठं, हेडिंग कुठं, चौकट कुठं, रेटिंगचे स्टार कुठं. घडीवर कुणाचाही चेहरा किंवा मजकूर येता कामा नये, दोन्ही बाजूंना दीड सेंटीमीटर मोकळं सोडा, आडवा फोटो घडीवरून गेला तर चालेल. डमी ग्रुपबाहेरच्या कुणाला तरी दाखवा आणि आधी काय वाचलं एवढंच विचारा.

फाइल करताना चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा जादा भाग, रंग सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंचे, मजकूर नुसत्या काळ्या शाईत. प्रिंटवाल्याला आधीच विचारून घ्या १२ बाय १८ इंचाचा शीट आहे का, कारण ब्लीडसकट दोन पानं ए-थ्रीवर मावत नाहीत. आधी साधी प्रिंट काढून दोघांनी मोठ्यानं वाचा, स्क्रीनवर सुटलेल्या चुका कागदावर सापडतात. सबमिशन जानेवारीत असेल तर गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या आधी फायनल करा, संक्रांतीच्या त्या दिवसांत ग्रुपमधलं कोण जागेवर सापडेल सांगता येत नाही, आणि मार्च-एप्रिलमध्ये असेल तर प्रिंटला सकाळीच जा, दुपारी ऊन झेपत नाही. पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड झालेत का, म्हणजे फाइलीतच बसलेत का बघा, पेनड्राइव्हवर एक कॉपी, मेलवर एक, आणि रिव्ह्यूचा मजकूर युनिकोडमध्ये वेगळ्या फाइलीत सोबत ठेवा, म्हणजे मॅडमनी एखादा शब्द बदलायला लावला तर शोधत बसायला लागणार नाही.